नवरा मॉर्मन चर्च सोडतोय, तेव्हा आधी काय आणि नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, नोकरीमुळे अमेरिकेत युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ राहता. नवरा तिथल्याच मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ मानणाऱ्या, घरात वाढलेला, दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाऊन आलेला. तुम्ही स्वतः कधी सभासद झाला नाहीत, लग्न कोर्टात केलंत. वर्षभरात त्याचा विश्वास उडाला आणि आता तो म्हणतो, मी नास्तिक आहे, चर्चच्या नोंदीतून माझं नाव काढायचंय. सासूबाई रडतायत. मुलगी सात वर्षांची आहे, आणि आठव्या वर्षी तिचा बाप्तिस्मा होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. त्यात यंदा गणपतीलाही त्याने "मला यात धरू नकोस" असं सांगितलं. राजीनामा लगेच द्यावा का, आणि तो खरंच नास्तिक झालाय की रागात बोलतोय, हे तुम्ही विचारलंय.

ताई, युटात चर्च सोडणाऱ्या घरांबरोबर समुपदेशनाचं काम करताना हाच गुंता मला वारंवार दिसतो. विश्वास न राहणं, रविवारी जाणं बंद करणं, कागदावरचं नाव काढणं आणि स्वतःला नास्तिक म्हणवून घेणं, या चार गोष्टी घरात एका दमात बोलल्या जातात आणि ऐकणाऱ्यावर एकदम कोसळतात. पहिली गोष्ट होऊन गेलीय, ती काही त्याने ठरवून केलेली नाही. उरलेल्या तिन्हींची वेळ मात्र तुमच्या हातात आहे. तुमच्या घराचं पुढे काय होणार हे बरंचसं त्या वेळेवर ठरेल.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. तो चर्चच्याच एखाद्या संस्थेत नोकरीला आहे का? तिथे बऱ्याच पदांना चर्चच्या खास विधींच्या मंदिरात प्रवेशाचा परवाना, ज्याला ते 'रेकमेंड' म्हणतात, चालू असावा लागतो. तसं असेल तर दुसरी नोकरी हातात येईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. तो ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकतोय का? तिथे बाहेरच्या धर्माचा विद्यार्थी चालतो, पण सभासद असताना चर्च सोडलेला चालत नाही. पदवी हातात पडेपर्यंत थांबणं यात खोटेपणा नाही, चार वर्षांची मेहनत वाचवणं आहे. आणि वॉर्डात, म्हणजे तुमच्या मोहल्ल्याच्या मंडळीत, त्याच्याकडे एखादी जबाबदारी आहे का? असेल तर ती आधी सोडायची. बिशपला, म्हणजे त्या मंडळीच्या प्रमुखाला, "मला या कामातून मोकळं करा" एवढं सांगितलं की पुरतं, कारण देण्याची गरज नाही.

आता तो रागात बोलतोय का, त्याबद्दल. राग असेलच, पण त्यामुळे नास्तिकपणा खोटा ठरत नाही. एका चर्चमधून निघालेला माणूस दुसऱ्या चर्चमध्ये का जात नाही, थेट देवच का नाकारतो, हे समजायला तो कसा वाढला ते बघावं लागेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. चार-पाच वर्षांचं पोर माइकपाशी उभं राहतं, आई मागून कानात एकेक शब्द सांगते आणि पोर म्हणतं, "मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे." 'मी मानतो' असं ते म्हणत नाही, 'मला ठाऊक आहे' असं म्हणतं. कशावरून ठाऊक? प्रार्थना केल्यावर छातीत ऊब दाटून येते, ती पवित्र आत्म्याची खूण, असं शिकवलेलं असतं. त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात प्रार्थना करून पवित्र आत्म्याकडून खात्री करून घ्यायची कसोटी दिलीय आणि मिशनवर असताना त्याने ती शेकडो घरांत जाऊन सांगितलेली असणार.

मग एक दिवस तो चर्चच्याच संकेतस्थळावरचे २०१३ ते २०१५ या काळात आलेले निबंध वाचतो. संस्थापक जोसेफ स्मिथच्या बायकांची संख्या तीस ते चाळीस असावी आणि त्यातली एक पंधरावं वर्ष लागायला काही महिने कमी असलेली मुलगी होती, हे तिथे छापलेलं आहे. 'बुक ऑफ अब्राहम' हा त्यांचा आणखी एक धर्मग्रंथ ज्या इजिप्शियन पपायरसवरून, म्हणजे प्राचीन कागदावरून, आला असं सांगितलं गेलं, त्याचे तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून चर्चकडे परत आले. त्यांवर अब्राहमचं नावसुद्धा नाही, ती मृतांसोबत ठेवायची नेहमीची पोथी आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८पर्यंत पौरोहित्य नाकारलं होतं आणि त्यासाठी पूर्वी सांगितलेली कारणं आता चर्चलाच मान्य नाहीत. श्रद्धावान सभासदांकडे या प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर असतं. पण तुमच्या नवऱ्याला एकेका माहितीपेक्षा एक प्रश्न जास्त लागलेला असतो: ती छातीतली ऊब मला 'हे सगळं खरं आहे' असं सांगत होती, मग ती कशाची खूण होती?

हा प्रश्न पडला की ती ऊब दुसऱ्या कुठल्याही देवासाठी पुरावा म्हणून उरत नाही. शिवाय बाकीची सगळी चर्चं मूळ वाटेवरून ढळलेली आहेत, हे तो लहानपणापासून शिकलाय. ती दारं त्याच्यासाठी आधीच बंद होती, उरलेलं एक त्याने स्वतः तपासलं. म्हणून त्याचं 'नास्तिक' हे घाईचं नाही. बहुतेक वेळा त्याआधी दोन-तीन वर्षं न बोलता काढलेली असतात. या मंडळींत त्याला 'शेल्फ' म्हणतात: पटलं नाही ते फळीवर ठेवून द्यायचं, आणि एक दिवस फळी मोडते.

आता कामाचं. क्रम असा ठेवा: आधी घरच्यांशी बोलणं, मग पैशाची घडी, सगळ्यात शेवटी पत्र. पुष्कळ जण उलटं करतात आणि तिथेच बिनसतं, कारण राजीनामा मुख्यालयात पाठवला तरी त्याची खबर स्थानिक बिशपकडे येते. बिशप पगारी पुजारी नसतो, तो शेजारचा दंतवैद्य किंवा विमा एजंट असतो, कधी नात्यातलाही असतो. त्याने बाहेर बोलू नये असा नियम आहे. तरी सासूबाईंना मुलाच्या तोंडून कळण्याआधी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावरून कळलं, तर ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही.

पैशाची घडी म्हणजे दशमांश. उत्पन्नाचा दहावा भाग बहुधा खात्यातून आपोआप जात असेल, तर तो आदेश त्याने स्वतः बंद करायचा. राजीनाम्याने बँकेतला आदेश रद्द होत नाही. एक गोष्ट हमखास विसरली जाते: वर्षाला एक लाख वीस हजार डॉलर उत्पन्न असेल तर बारा हजार देणगीत जात होते, आणि तुम्ही वजावटी एकेक करून दाखवत असाल तर त्यामुळे करपात्र उत्पन्न कमी व्हायचं. देणगी थांबली की कर वाढेल. नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा, फॉर्म त्याच महिन्यात पुन्हा भरा, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम भरावं लागेल.

पत्र पाठवण्याआधी चर्चच्या खात्यात शिरून आपलं जे असेल ते उतरवून घ्या. तरुणपणी मिळालेल्या पेट्रिआर्कल ब्लेसिंगची, म्हणजे त्याच्या नावे लिहून ठेवलेल्या आशीर्वादाची प्रत, मिशनच्या तारखा, सभासद क्रमांक, घरच्यांनी चढवलेले फोटो. आज त्याला ते नकोसं वाटेल. ते त्याच्या आयुष्यातलं आहे, पन्नाशीत कदाचित हवं होईल, आणि खातं बंद झाल्यावर मिळवणं अवघड जातं.

पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, सभासद क्रमांक माहीत असेल तर तो, आणि तीन वाक्यं: मी आजपासून सभासदत्वाचा राजीनामा देत आहे, माझं नाव सभासदांच्या नोंदीतून काढावं, यापुढे संपर्क करू नये आणि काम झाल्याचं लेखी कळवावं. इतकंच. चार पानी कारणं लिहिली तर ती वाचून कुणाचं मत बदलत नाही, उलट बिशप मुद्दे घेऊन भेटायला येतो. पत्र बिशपकडे द्यायचं तर सहीचं कागदी पत्र लागतं, ईमेल चालत नाही. थेट सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातल्या नोंदी विभागाकडे पाठवायचं तर सही नोटरीसमोर करायची. तुमचं खातं असलेल्या बँकेच्या शाखेत नोटरी बऱ्याचदा फुकट करून मिळते. आधी घरी सही करून नेऊ नका, नोटरीसमोरच करायची असते. सर्टिफाइड टपालाने पाठवा, पावती आणि प्रत जपून ठेवा. या पत्रात मुलीचं नाव घालू नका. तान्हेपणी तिला नाव ठेवण्याचा आशीर्वाद दिला असेल तर तिचीही नोंद असते, पण ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर तुम्हा दोघांचं एकमत लागेल.

सभासदत्व सोडणं हा त्याचा हक्क आहे, चर्चने परवानगी देण्याचा प्रश्न येत नाही. दुसऱ्याच एका चर्चच्या खटल्यात ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली हे धरलं की माणसाने सभासदत्व सोडल्यावर त्याच्यावर चर्चची शिस्त चालत नाही. पण हक्क आहे म्हणून तो उद्याच वापरला पाहिजे असं नाही. कित्येक जण पाच-पाच वर्षं नुसतं जाणं बंद ठेवतात आणि ठीक असतात. लहान बहिणीचं मंदिरात लग्न व्हायचं असेल तर तेही आत्ताच बोला. रेकमेंड नसलेला सख्खा भाऊही आत जाऊ शकत नाही. मात्र २०१९पासून आधी बाहेर साधं लग्न आणि मग मंदिरातला विधी, असं वर्षभर न थांबता करता येतं. बहिणीला हे वेळेवर सुचवलं तर भाऊ तिच्या लग्नात उभा राहू शकतो.

सासूबाईंशी बोलणं सगळ्यात जड आहे, तिथे घाई करू नका. मंदिरातल्या विधीने कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं, ही त्यांची श्रद्धा आहे, आणि 'एकही खुर्ची रिकामी नको' हे त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्यात. मुलगा जातो म्हणतोय तेव्हा त्यांना ती रिकामी खुर्ची दिसते. नवऱ्याने एकट्याने, समोरासमोर, त्यांच्या घरी जाऊन बोलावं. फोनवर नको, सणावाराच्या जेवणात नको, आणि निबंधांचे छापील कागद हातात घेऊन तर मुळीच नको. "आई, माझा आता चर्चवर विश्वास राहिलेला नाही. मी खूप वाचून, खूप प्रार्थना करून इथवर आलोय. तू मला जे शिकवलंस त्यातलं खरं बोलणं, कष्ट आणि माणसांना धरून राहणं माझ्याकडे आहे आणि राहील." बस. 'नास्तिक' हा शब्द या पहिल्या भेटीत नको. त्यांच्या कानाला तो 'देवाचा शत्रू' असा ऐकू येतो आणि त्यापुढचं काहीच ऐकू येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्यांनी "मग देवाचं काय?" असं विचारलं की खरं सांगावं. तेव्हा लपवू नये. आणखी एक बारीक गोष्ट: २०१८ साली चर्चच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हा शब्द वापरू नका असं सांगितल्यापासून घरोघरी तो खटकतो. त्यांच्या घरी नुसतं 'चर्च' म्हणा.

त्यांच्या डोक्यात कारणांची एक ठरलेली यादी असेल: कुणीतरी दुखावलं असेल, नाहीतर पाप करायचं असेल, नाहीतर परदेशी सुनेने नादी लावलं असेल. तिसऱ्यामुळे तुम्ही त्या बोलण्यात नसणंच बरं. दुसऱ्यामुळे पहिले काही महिने दारूचे फोटो वगैरे टाळलेले बरे. दारूचं आणखी एक कारण आहे. पस्तिशीच्या माणसाने आयुष्यात कधी घेतलेली नसते, त्याला आपली मर्यादा ठाऊक नसते. ३५५ मिलि बिअर, १४८ मिलि वाइन किंवा ४४ मिलि कडक दारू हे प्रत्येकी एक माप धरतात. आणि युटात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे, बाकीच्या अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ०.०८. पहिल्यांदा घ्यायची तर घरी, जेवणानंतर, एकच माप, आणि गाडीची किल्ली तुमच्याकडे. चहाची गोष्ट सोपी. चर्चच्या १८३३च्या आज्ञेनुसार चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य होतं, म्हणजे इतकी वर्षं सकाळचा चहा तुम्ही एकटीने घेतलाय. आता तो घेतोय तर अर्धा कप, सकाळीच. कोलाची सवय असली तरी कडक चहाने संध्याकाळी झोप उडते, आणि झोप या दिवसांत आधीच कमी असते.

अंगातल्या वस्त्रांचंही असंच. मिशनला जाण्याआधी मंदिरातला विधी झाल्यापासून तो दिवसरात्र ती पांढरी गारमेंट्स घालत आलाय, बाही असलेला वरचा भाग आणि गुडघ्यापर्यंतचा खालचा. ती काढणं हे कित्येकांना पत्रापेक्षा जास्त हलवून टाकतं. दुकानात जाऊन साधी चड्डी-बनियन निवडताना माणूस गांगरतो. त्याला वेळ द्या, त्याच्या नकळत कपाट आवरू नका. टाकायची वेळ येईल तेव्हा चर्चची रीत अशी की त्यावरच्या चार लहान खुणा कापून नष्ट करायच्या, मग उरलेलं साधं कापड. त्याने तसंच करावं असं मी सुचवते. पुढे सासूबाईंनी विचारलं तर त्यांना ऐकवेल असं उत्तर तयार असतं.

सहा-आठ महिने तो रात्री दोनपर्यंत वाचत, पॉडकास्ट ऐकत बसेल आणि तुमच्याशी दुसरं काही बोलणार नाही. मुलगी झोपल्यावर अर्धा तास त्या विषयाला, मग दुसरं काहीतरी, असं दोघांनी ठरवून घ्या. त्यात त्याचा अपमान नाही. समुपदेशक शोधताना पहिल्याच फोनवर विचारा, "चर्च सोडणाऱ्यांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि तुमचं ध्येय परत नेणं हे तर नाही ना?" जगण्यात अर्थ नाही असं तो बोलायला लागला तर वाट बघू नका, अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही माणूस भेटतो.

मुलीचं. आठव्या वर्षीचा बाप्तिस्मा म्हणजे काय, हे तुम्ही नीट बघून घ्या, म्हणजे नवऱ्यावरचा ताण कळेल. बहुतेक घरांत तो वडीलच देतात. पांढरे कपडे घालून दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, वडील उजवा हात वर करून ठरलेले शब्द म्हणतात आणि मुलीला पूर्ण पाण्याखाली नेतात. दोन साक्षीदार बघत असतात. केसांची बट जरी वर राहिली तरी पुन्हा करावं लागतं. ज्याचा विश्वास गेलाय त्याला हे करायला लावणं म्हणजे लेकीसमोर खोटं बोलायला लावणं आहे. अल्पवयीन मुलाच्या बाप्तिस्म्याला पालकांची परवानगी लागते, म्हणजे तुमच्या दोघांच्या नाहीला वजन आहे. पण आजीला नुसतं 'नाही' देऊ नका. त्यांच्याच शिकवणीत बाप्तिस्मा कुठल्याही वयात घेता येतो. "ती अठराची झाल्यावर तिला हवा असेल तर आम्ही आडवे येणार नाही" हे वाक्य त्या धरून ठेवू शकतात. आणि आठव्या वाढदिवसाला पांढरा फ्रॉक, केक, आजी-आजोबांबरोबर एक दिवस, हे सगळं होऊ द्या. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींचे बाप्तिस्मे त्याच वर्षी होणार आहेत, तिलाच काही मिळालं नाही असं व्हायला नको. तिला सांगायचं ते साधं: आजीला असं वाटतं, बाबांना तसं वाटत नाही, आईला आणखी वेगळं वाटतं, आणि तिघांचंही तुझ्यावर प्रेम आहे.

राहिला गणपती. इथे थोडं स्पष्ट लिहिते. चर्च सुटलं म्हणजे आता तो आपल्यात येईल, अशी आशा मनात कुठेतरी असते, आणि ती असणं स्वाभाविक आहे. पण "आमच्या धर्मात नास्तिकालाही जागा आहे, चार्वाक नव्हता का" असं तुम्ही म्हणालात की त्याला बिशपचाच आवाज ऐकू येतो: तू काहीही म्हण, तू आमचाच. आयुष्यभर त्याने हेच ऐकलंय. त्याच्यासाठी विधीत उभं राहणं म्हणजे साक्ष देणं. सभेत हात वर केला म्हणजे मान्य, माइकपाशी गेला म्हणजे ठाऊक. आपल्याकडे आरतीला टाळ वाजवणाऱ्या काकांचा देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही, ही गोष्ट त्याला माहीतच नाही. ती वाद घालून पटणार नाही. यंदा त्याला एवढंच विचारा की नेमकं काय नको आहे. हात जोडणं नको असेल तर नको. मखराची लाकडं कापायला, मोदकाचं सारण ढवळायला, पाहुण्यांना पार्किंग दाखवायला हात जोडावे लागत नाहीत. त्याने तेही नको म्हटलं तर या वर्षी तुम्ही आणि लेकीने करा, तो आरतीच्या वेळी फिरायला गेला तरी चालेल, आणि लेकीने "बाबा कुठे?" असं विचारलं तर पाहुण्यांसमोरही "फिरायला गेलाय" हेच खरं उत्तर द्या.